कीबोर्ड घ्या, पण आधी उस्ताद शोधा

लग्नसराई तोंडावर आली की आपल्या भागातल्या बँडवाल्यांची, बँजो पार्टीवाल्यांची आणि कव्वाल मंडळींची दोन ठिकाणी धावपळ सुरू होते. एक कापडाच्या दुकानात, गणवेशासाठी. दुसरी वाद्यांच्या दुकानात, नव्या कीबोर्डसाठी. पहिली खरेदी मी पंचवीस-तीस वर्षे गल्ल्यावर बसून पाहत आलो आहे. दुसऱ्या खरेदीविषयी आज लिहितो, कारण तिच्यात अडकलेला पैसा फिरत फिरत माझ्या दुकानातल्या उधारीच्या वहीपर्यंत येऊन पोहोचतो.

मी वाजवणारा माणूस नाही, कापडवाला आहे. शिक्षणही उर्दू शाळेतले. पण औजार आणि हुन्नर यांचे नाते कापडाच्या धंद्यात रोज पाहावे लागते, आणि कीबोर्ड हे बँडवाल्याचे औजारच आहे. संगीत जायज की नाजायज हा प्रश्न उलेमांचा आहे, या पानाचा नाही. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ही रोजी चालत आली आहे, त्या घराचा हिशेब बिघडू नये एवढाच या लेखाचा हेतू.

आमच्या कंधारात हजरत हाजी सय्याह सरवर मखदूम यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो. शेजारच्या लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची मोठी यात्रा भरते, तिथे लावणीचे फड लागतात. त्याशिवाय नांदेड, मुखेड, अहमदपूर, उदगीर, लातूर या पट्ट्यातली लग्ने. या सगळ्या ठिकाणी आता पेटीच्या जोडीला, कुठे कुठे पेटीच्या जागी, कीबोर्ड आला आहे. गावात त्याला कंपनी कोणतीही असो, "कॅसिओ" म्हणतात. कॅसिओ कंपनीने आपले पहिले कीबोर्ड १९८० मध्ये बाजारात आणले आणि नाव असे रुजले की यामाहा घेतलेला माणूसही "नवा कॅसिओ घेतला" असे सांगतो. गंमत सोडली तरी यात एक नुकसान आहे. सगळ्या यंत्रांना एकच नाव दिले की ती सगळी एकाच कामाची वाटतात. मग माणूस कामाकडे न पाहता किमतीकडे पाहून खरेदी करतो. एक तर सगळ्यात स्वस्त घेतो, नाहीतर शेजारच्या पार्टीपेक्षा महाग.

यंत्रांच्या तीन जाती

बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिला अरेंजर. यात तालाचे आणि साथीचे तयार ठेके भरलेले असतात. डाव्या हाताने पट्ट्या दाबल्या की मागे ढोल, बेस, गिटार आपोआप वाजू लागतात. दुसरा सिंथेसायझर. याचे मुख्य काम आवाज घडवणे. बासरीचा आवाज अधिक मऊ करायचा, सनईला धार द्यायची, तंतुवाद्याचा आवाज लांबवायचा, हे सारे त्यात करता येते. तिसरा वर्कस्टेशन. यात आवाज घडवणे तर आहेच, शिवाय सिक्वेन्सर असतो. म्हणजे एकेक वाद्य वेगवेगळे वाजवून यंत्रात नोंदवायचे आणि मग सगळी एकत्र वाजवायची. एकट्या माणसाने पूर्ण गाणे उभे करायचे यंत्र ते हेच.

हे काही कालपरवाचे नाही. १९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स-७ आला. त्याच वर्षी "मिडी" नावाची पद्धत ठरली, तिच्यामुळे एका कंपनीचे वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी तारेने बोलू लागले. १९८८ मध्ये कोर्ग कंपनीचा एम-१ आला. त्यात ६१ पट्ट्या होत्या, एका वेळी १६ सूर वाजत आणि ८ ट्रॅकचा सिक्वेन्सर होता. वर्कस्टेशन हा शब्द याच यंत्राने जगभर गाजवला. आज साध्या यंत्रातही एका वेळी ६४ किंवा १२८ सूर वाजतात. म्हणजे पस्तीसेक वर्षांपूर्वी मुंबईच्या मोठ्या स्टुडिओत जे यंत्र अभिमानाने ठेवले जात असे, त्याहून जास्त ताकद आज तालुक्याच्या गावातल्या पोराच्या हातात आहे. प्रश्न ताकदीचा राहिलेला नाही. ती वापरणार कोण, हा प्रश्न आहे.

सिक्वेन्सर म्हणजे काय हे विणकर बंधूंना लगेच समजेल. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, हिमरू विणताना जकार्डचे भोके पाडलेले पत्ते वापरतात. नक्षी त्या पत्त्यांत साठवलेली असते. माग ती पुन्हा पुन्हा उठवतो, पण पत्त्यात जे भोक पाडलेच नाही ती नक्षी माग स्वतःहून काढीत नाही. सिक्वेन्सर हा सुरांचा जकार्ड आहे. त्यात जे भरले तेवढेच तो देतो. भरणाऱ्याला ताल-सुराची जाण नसेल तर तीन लाखांचे यंत्रही तीच जाहिरातीतली धून वाजवीत बसते.

काम पाहून निवड

कपडा घेताना आपण गिऱ्हाइकाला विचारतो की सदरा शिवायचा की गणवेश, रोज घालायचा की ईदला. तसेच येथे विचारले पाहिजे.

वरातीत वाजवणाऱ्याला वर्कस्टेशनची गरज नाही. त्याला हलके, दणकट, उन्हात अक्षरे दिसतील असे आणि एका कळीसरशी आवाज बदलणारे यंत्र हवे. चालत्या गाडीवर, धुळीत, नाचणाऱ्यांच्या धक्क्यात पडद्यावरच्या दहा पायऱ्या उतरून आवाज शोधायला वेळ मिळत नाही. आपले नेहमीचे दहा-बारा आवाज ओळीने एका जागी साठवता येतात की नाही, हे दुकानातच पाहावे.

कव्वालाच्या साथीदाराला ठेक्यांशी फार देणेघेणे नसते. ठेका तबला-ढोलक आणि टाळ्यांचा. त्याला पट्ट्या चांगल्या हव्यात. हलके दाबले तर हलका आवाज आणि जोरात दाबले तर मोठा, याला टच म्हणतात. तो नसेल तर गाणाऱ्याची बढत आणि यंत्राचा सपाट आवाज यांचे जमत नाही. सोबत सूर ओढण्याचे चाक हवे, कारण मींड त्यातूनच थोडीफार निघते. आणि स्केल ट्यूनिंग हवे. त्याविषयी पुढे लिहितो.

ऑर्केस्ट्रावाल्याला अरेंजर किंवा मधल्या दर्जाचा सिंथेसायझर पुरतो. एका हाताला एक आवाज आणि दुसऱ्या हाताला दुसरा अशी विभागणी, बाहेरून आवाज भरण्याची सोय आणि मिक्सरला जोडायला डावी-उजवी अशा दोन वेगळ्या वाटा, एवढे पाहिले की काम भागते.

वर्कस्टेशन घ्यावे ते ज्याला गाणी बसवायची आहेत, रेकॉर्डिंग करून द्यायचे आहे, ज्याच्याकडे बसून काम करायला जागा आणि वेळ आहे, त्याने. तेही आता पुन्हा विचार करून, कारण नोंदणीचे पुष्कळसे काम साधा कीबोर्ड आणि संगणक मिळूनही होते.

पट्ट्यांची संख्या ६१, ७३ किंवा ८८ अशी असते. आपल्या कामाला ६१ पुरतात. ८८ पट्ट्यांचे जड यंत्र पियानो वाजवणाऱ्यासाठी असते. ते जीपच्या टपावर बांधून मुखेडच्या लग्नाला नेण्यासाठी नव्हे. "यात एक हजार आवाज आहेत" असे विक्रेता सांगतो तेव्हा त्याला विचारावे की त्यातली बासरी कशी आहे, सनई कशी आहे, क्लॅरिनेट कसे आहे, ढोलक कशी आहे. दुकानात हजार थाने असली तरी गिऱ्हाइकाला लागणारे थान एकच असते.

चांगली गोष्ट अशी की कंपन्यांनी आता आपले गिऱ्हाइक ओळखले आहे. रोलँडने एक्सपीएस-१० सारख्या यंत्रात भारतीय वाद्यांचे आवाज दिले. यामाहाने पीएसआर-आय ही मालिका भारतासाठी काढली, तिच्यात तबला-तानपुऱ्याची साथ आहे. अरब देशांतल्या वाजवणाऱ्यांना पाव सूर लागतात, म्हणून त्यांच्यासाठी पीएसआर-ए ही वेगळी मालिका आहे. येथे आपल्या बांधवांनी एक खबरदारी घ्यावी. आखाती देशात नोकरीला असलेला भाऊ किंवा जावई मोठ्या प्रेमाने तिथून कीबोर्ड आणतो. त्यात दरबुका असते, ढोलक नसते. तिथली हमी इथे चालेलच असे नाही. आणायचाच तर मॉडेलचे नाव आधी कळवून घ्यावे.

सुराचा प्रश्न

जुनी जाणती माणसे कीबोर्डला नाक मुरडतात. त्याला कारण आहे. हार्मोनियम युरोपातून आली तेव्हा तिच्यावरही हाच आक्षेप होता. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७१ मध्ये शिथिल केली. आक्षेप असा की या वाद्यात सप्तकाचे बारा समान तुकडे पाडलेले असतात. सप्तक १२०० सेंटचे धरले तर प्रत्येक तुकडा १०० सेंटचा. त्यामुळे शुद्ध गंधार ४०० वर येतो. पण तानपुऱ्याच्या तारेतून कानाला जो गंधार ऐकू येतो तो साधारण ३८६ वर असतो. १४ सेंटचा फरक सामान्य माणसाला सांगता येत नाही, पण "काहीतरी टोचते" हे त्यालाही जाणवते.

हार्मोनियमचा सूर बदलायचा तर कारागिराने पितळी पत्ती घासावी लागते. कीबोर्डमध्ये स्केल ट्यूनिंगची सोय असेल तर तोच गंधार दोन-चार कळा दाबून १४ ने खाली आणता येतो, साठवता येतो, आणि पुढच्या गाण्याला पुन्हा जागेवर नेता येतो. म्हणजे ज्या दोषासाठी पेटीवर एकतीस वर्षे बंदी होती, तो दोष काढण्याची सोय या यंत्रात आहे. पण ती किती जण वापरतात? यंत्र घेतल्यावर पुस्तिका खोक्यातच राहते. खोके माळ्यावर जाते.

तसेच ट्रान्सपोजच्या कळीचे. गाणारा काळी चार म्हणतो, पोरगा कळ दाबून सगळे सूर सरकवतो आणि आपली सवयीची बोटे वाजवीत राहतो. वेळ निभावायला हे ठीक आहे. पण जन्मभर एकाच पट्टीत बोटे फिरवणारा वादक दुसऱ्याच्या पेटीवर बसला की उघडा पडतो. कळ सोयीसाठी असावी, तिची लाचारी नसावी.

खरेदी करताना

नवे यंत्र असो वा जुने, जीएसटीचे पक्के बिल घ्यावे. बिल नसेल तर हमी नाही, आणि उद्या विकताना मालकी सिद्ध करता येत नाही. बिलावर यंत्राचा क्रमांक लिहून घ्यावा.

जुने यंत्र घेताना रात्री, घाईत, उभ्याउभ्या व्यवहार करू नये. प्रत्येक पट्टी हलकी आणि जोरात अशी दोनदा दाबून पाहावी. पट्टीखालचे रबर झिजले असेल तर आवाज अडखळतो किंवा एकदम मोठा येतो. सूर ओढण्याचे चाक सोडल्यावर मधोमध परत येते का, आवाजाच्या कळीत खरखर आहे का, मागच्या जोडण्या ढिल्या आहेत का, पडदा सगळीकडे उजळतो का, हे पाहावे. अर्धा तास यंत्र चालू ठेवावे. काही दोष तापल्यावरच बाहेर येतात.

विजेची बाजू तर सर्वांत महत्त्वाची. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची, आपल्याकडे २३० ची. तिथल्या बाजारासाठी बनलेले जुने यंत्र इथल्या बटणात सरळ जोडले की खेळ संपला. यंत्राच्या पाठीवरचा आकडा वाचल्याशिवाय तार जोडू नये. लग्नातला जनरेटर सुरू होताना आणि बंद पडताना दाब वरखाली होतो, म्हणून मधे चांगला स्टॅबिलायझर किंवा यूपीएस असावा. अॅडॉप्टर कंपनीचाच वापरावा. मे महिन्यात बंद गाडीत यंत्र तासन्‌तास ठेवू नये. आमच्याकडच्या उन्हाने काय होते ते आम्हाला सांगायला नको. झाकायला जाड सुती कापडाची खोळ शिवावी. आपले साठवलेले आवाज आणि ठेके पेन ड्राइव्हवर उतरवून तो घरी कपाटात ठेवावा. यंत्र चोरीला गेले तरी मेहनत चोरीला जाऊ नये.

आणि घेण्याआधी हे विचारावे की बिघडले तर दुरुस्ती कुठे होते. तालुक्याच्या गावात ती होणे कठीण. नांदेड, हैदराबाद किंवा पुण्याला यंत्र न्यावे लागले तर ऐन हंगामातले आठ-दहा दिवस जातात. ज्या यंत्राचे सुटे भाग सहज मिळतात आणि जे चार पार्ट्यांकडे आधीच आहे, ते थोडे साधे असले तरी फायद्याचे, कारण अडचणीच्या रात्री दुसऱ्याचे मागून आणता येते.

वहीतला हिशेब

आता माझ्या विषयाकडे येतो. आमच्या कारागिरांच्या हिशेबात घसारा नावाची गोष्टच नसते. सुपारीचे पैसे आले, मजुरी वाटली, गाडीभाडे दिले, उरले ते नफा. यंत्र रोज झिजते आहे हे कोणी लिहीत नाही.

उदाहरणासाठी आकडे धरू. ६०,००० रुपयांचे यंत्र घेतले, चार वर्षे वापरले आणि २०,००० ला विकले. झीज झाली ४०,०००, वर्षाला १०,०००. दुरुस्ती आणि तारा धरून आणखी ४,०००. वर्षात ४० सुपाऱ्या झाल्या तर यंत्राचा खर्च प्रत्येक सुपारीमागे ३५० रुपये. आता ३,००,००० चे वर्कस्टेशन घेतले आणि चार वर्षांनी ते १,२०,००० ला गेले असे धरा. झीज वर्षाला ४५,०००, दुरुस्ती ७,०००, एकूण ५२,०००. त्याच ४० सुपाऱ्यांवर प्रत्येकी १,३०० रुपये. फरक ९५० रुपयांचा. नवरदेवाचा बाप ते ९५० रुपये वाढवून देणार आहे का? देणार असेल तर जरूर घ्या. माझा अनुभव असा की तो यंत्र पाहत नाही. तो पाहतो गणवेश, वेळेवर येणे आणि फर्माइशीचे गाणे वाजते की नाही.

हा फरक वर्षाला ३८,००० रुपये होतो. एवढ्या पैशात एका मुलाची चांगल्या उस्तादाकडे तालीम होते, आणि उरलेल्यात हंगामाआधीची उधारी फिटते.

हप्त्यावर घेणाऱ्यांना एक विनंती. व्याजाचा प्रश्न दीनाचा आहेच, पण नुसता व्यापार म्हणून पाहिले तरी हप्ता बारा महिने येतो आणि बँडचे काम काही महिनेच असते. पावसाळ्यात हप्ता द्यायला माणूस हातउसने घेतो आणि पुढच्या हंगामाची सुपारी आधीच विकून बसतो. आमच्या दुकानात दरवर्षी एक तरी मास्टर येतो आणि म्हणतो, "चाचा, औंदा कापड उधार द्या, कीबोर्डचा हप्ता चालू हाय." म्हणजे कीबोर्डचे व्याज आम्ही आणि तो मिळून भरतो. त्यापेक्षा दोन-तीन पार्ट्यांनी मिळून भागीत घ्यावे. कोणत्या तारखेला कोणाकडे राहील, दुरुस्तीचा वाटा कसा, एक जण निघाला तर हिशेब कसा, हे कागदावर लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. भाऊ-भाऊ असले तरी लिहावे. लिहिले की भाऊपण टिकते.

भाड्याने देणे हाही एक धंदा आहे. ए. आर. रहमान यांचे वडील आर. के. शेखर १९७६ मध्ये वारले, तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा होता. वडिलांची वाद्ये भाड्याने देऊन त्या घराने दिवस काढले. मुलगा त्या वाद्यांत वाढला, लहान वयात दुसऱ्यांच्या वाद्यवृंदात कीबोर्ड वाजवू लागला आणि १९९२ मध्ये "रोजा" आला. यंत्राने घर चालवले हे खरे, पण पुढचे सारे यंत्राने केले नाही. ते तालमीने केले.

खरा धोका

आता मूळ मुद्दा. कीबोर्ड आला तेव्हा पार्टीच्या मालकाला पहिला विचार काय सुचला? क्लॅरिनेटवाला कमी करू, ढोलकवाला कमी करू, सगळे यंत्रात आहे. दहा माणसांची पार्टी सहावर आली. मग ठेकेही वाजवायचे सोडून गाण्याचा तयार साज पेन ड्राइव्हवर घेऊन यंत्राला लावला, आणि पोरगा वरून दोन बोटे फिरवू लागला. मालकाला वाटले नफा वाढला. पण गिऱ्हाईक काही खुळे नाही. गाणे पेन ड्राइव्हच वाजवणार असेल तर मग तुम्ही तरी कशाला, डीजेवाला स्वस्तात येतो, असे ते म्हणू लागले. ज्या तर्काने मालकाने ढोलकवाल्याला काढले त्याच तर्काने गिऱ्हाइकाने मालकाला काढले. दोष डीजेचा नाही. आपणच त्याचे गिऱ्हाईक तयार केले.

याच्या उलट मिरजेकडे पाहा. तिथली तंतुवाद्ये बनवणारी घराणी मूळची शिकलगार, शस्त्रांचे काम करणारी. शस्त्रांचा धंदा बसला तेव्हा १९ व्या शतकात ही मुस्लिम कारागीर मंडळी सतार-तानपुऱ्याकडे वळली. पुढे १९७९ मध्ये बंगळुरात इलेक्ट्रॉनिक तानपुरा निघाला. आता तर तो फोनमध्येही वाजतो. तरी मिरजेचा तानपुरा संपला नाही. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. या कारागिरांची चणचण मला ठाऊक आहे, सगळे गोड आहे असे मी म्हणत नाही. पण ते टिकले, कारण यंत्राला जमत नाही ते काम त्यांनी हातात ठेवले.

यंत्र वापरूनही हे साधते. मुंबईचे चरणजित सिंग हे चित्रपटांत वाजवणारे वादक. १९८२ मध्ये त्यांनी रोलँडच्या तीन यंत्रांवर दहा राग बसवून एक तबकडी काढली. त्या वेळी तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि परदेशातले जाणकार चकित झाले, कारण तिकडच्या नाचाच्या संगीतात पुढे जे आले त्याच्याशी ती मिळतीजुळती होती. यंत्रे तीच होती जी जगभर विकली जात होती. वेगळे काय होते? रागाचा कान.

म्हणून क्रम असा असावा. आधी सहा महिने मुलाला पेटीवर बसवा. अलंकार, दोन्ही हात, सगळ्या पट्ट्या. केरव्याच्या आठ, दादऱ्याच्या सहा, रूपकच्या सात मात्रा हाताने टाळी देऊन पक्क्या होऊ द्या. रूपकाचा ठेका साध्या यंत्रात बहुधा तयार मिळत नाही. ज्याला मात्रा येतात तोच तो बसवील. मग कीबोर्ड द्या, पण पहिला महिना ठेका बंद आणि आवाज एकच. त्यानंतर आपल्या पार्टीचे दहा आवाज त्याने स्वतः घडवून साठवावेत. सनई अशी की आपल्या क्लॅरिनेटवाल्याच्या सुरात मिसळेल, त्याला झाकणार नाही. कीबोर्डने उरलेली जागा भरावी, माणसाची जागा घेऊ नये. घरात रियाज हेडफोन लावून करता येतो, हा या यंत्राचा मोठा गुण आहे. शेजाऱ्यांची झोप आणि नमाज दोन्ही सांभाळले जातात.

बाहेर वाजवताना कायदाही लक्षात असू द्या. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. सण-समारंभासाठी राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकते. सुपारी घेताना वेळ कागदावर लिहा. जप्त झालेले यंत्र हंगामात परत मिळवणे सोपे नसते. 

आमच्या धंद्यात म्हण नाही, पण अनुभव आहे. कात्री कितीही परदेशी आणा, कापणारा हात कच्चा असेल तर थान वाया जाते आणि भरपाई दुकानाला द्यावी लागते. या हंगामाला कीबोर्ड घेणाऱ्या बांधवांनी आपले पैसे तीन ठिकाणी वाटावेत. एक वाटा यंत्राला, एक वाटा उस्तादाला आणि एक वाटा बाजूला, पावसाळ्यासाठी. तिन्ही वाटे यंत्रात घालणाऱ्याचे यंत्र चार वर्षांत जुने होते. उस्तादाला दिलेला वाटा जुना होत नाही. तो बापाकडून मुलाकडे जातो, आणि त्याला हप्ताही लागत नाही.